पंधरा फुटांवरची माणसं

(शॉमबर्गमध्ये कामगार मंडळींच्या रविवारच्या बैठकीत केलेलं बोलणं. जे आले नव्हते त्यांच्यासाठी लिहून काढलं आहे. बोलताना राहून गेलेले एक-दोन मुद्दे यात घातले आहेत.)



आजचा विषय सिगरेट. सोडा असं सांगायला मी उभा नाही. त्यासाठी डॉक्टर आहेत, घरची माणसं आहेत. ओढा असं तर मुळीच म्हणणार नाही. मला बोलायचंय ते ओढणाऱ्या माणसाबद्दल: तो कुठे उभा राहतो, कोणाबरोबर उभा राहतो आणि लोक नाक मुरडतात म्हणून तो जे लपवतो त्यात त्याचं काय काय जातं. मी स्वतः ओढतो, दिवसाला चार-पाच. आधीच सांगून टाकलं, म्हणजे मागे बसलेल्यांना कुजबुजायला नको.

सुरुवात इथल्या कायद्यापासून करतो. १ जानेवारी २००८ पासून इलिनॉयमध्ये 'स्मोक फ्री इलिनॉय' कायदा लागू आहे. बंदिस्त कामाची जागा, हॉटेल, बार, सगळीकडे बंदी. शिवाय दार, उघडणारी खिडकी, हवा आत खेचणारी जाळी, यांच्यापासून पंधरा फूट लांब जायचं. कायदा चांगला आहे, आणि मी तो कामगारांचाच कायदा मानतो. बारमध्ये आठ तास ट्रे घेऊन फिरणारी बाई दुसऱ्यांचा धूर पोटापाण्यासाठी गिळत होती, ते थांबलं. त्यामुळे "आमच्या स्वातंत्र्यावर घाला" वगैरे रडगाणं माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही.

पण पंधरा फूट म्हणजे प्रत्यक्षात काय, ते शॉमबर्गमध्ये जानेवारीत येऊन बघा. वुडफील्ड मॉलच्या पुढच्या दारातून सगळं गाव जातं. मागच्या बाजूला, जिथे ट्रक लागतात आणि कचऱ्याचे मोठे डबे असतात, तिथे कोण असतं? भांडी घासणारा, माल उतरवणारा, रात्रपाळीचा गार्ड, सफाईवाली मावशी. हात खिशात, मान जॅकेटात, वारा गोल्फ रोडवरून सरळ अंगावर. शेजारी एल्क ग्रोव्ह व्हिलेजमध्ये गोदामं आहेत, डेटा सेंटरची बांधकामं चालू आहेत, तिथेही हेच चित्र. बांधकामावर तर विचारूच नका. अमेरिकेत ज्या धंद्यांमध्ये सिगरेट ओढणाऱ्यांचं प्रमाण सगळ्यात जास्त, त्यांत आमचा बांधकामाचा धंदा वर्षानुवर्षं वरच्या नंबरात आहे.

या पंधरा फुटांवरच्या घोळक्यात काय चालतं, ते न ओढणाऱ्याला कळत नाही. त्याला वाटतं, टाइमपास करतायत.

लायटर मागायला इंग्रजी लागत नाही. आमच्या साइटवर पोलिश आहेत, मेक्सिकन आहेत, दोन गुजराती, एक मी. दोन बोटं ओठाला लावली की समोरचा खिशात हात घालतो. तिथून ओळख सुरू होते. मग कुठला सबकॉन्ट्रॅक्टर पगार लांबवतो, कुठला ओव्हरटाइम बुडवतो, कुठला फोरमन तास कमी लिहितो, कुठे नवीन काम निघालंय, खोली कुठे स्वस्त आहे, सगळं त्या पाच मिनिटांत कळतं. मी सुपरवायझर आहे, सकाळची टूलबॉक्स मीटिंग मीच घेतो. सगळे गोल उभे राहतात, मान हलवतात, कागदावर सही करतात. पण मचाणाची फळी हलतेय हे मला त्या मीटिंगमध्ये आजवर कोणी सांगितलेलं नाही. ते कळतं सिगरेट पेटवताना. "बॉस, तिकडे तिसऱ्या मजल्यावर जरा बघून घ्या."

आपल्याकडे तरी वेगळं काय होतं? पुण्या-पिंपरीच्या साइटवर ज्यांनी काम केलंय त्यांना माहीत आहे. दुपारी मिस्त्री चंची सोडतो, तळहातावर तंबाखू-चुना मळतो, थापटतो, आणि तळहात आधी दुसऱ्यापुढे करतो. दहा रुपये उसने मागायला माणूस लाजतो, पण चिमूटभर तंबाखू मागायला कोणी लाजत नाही. त्या हातावरून चिमूट उचलली की तुम्ही त्या टोळीत आलात. उत्तरेकडे वाळीत टाकण्याला 'हुक्का-पाणी बंद' म्हणतात. म्हणजे ज्याच्याबरोबर ओढायचं नाही, प्यायचं नाही, तो आपला नाही. वाळीत टाकणं हा गुन्हा ठरवायला महाराष्ट्राला २०१६ साली कायदा करावा लागला. एकत्र ओढणं हे व्यसन आहेच, पण कोणाला आपल्यात धरायचं याची ती जुनी रीतही आहे. (इथल्या पार्किंग लॉटमध्ये कोणी जात विचारत नाही. आपलीच चार माणसं जमली की मात्र दुसऱ्या झुरक्याला "आडनाव काय म्हणालात?" येतं.)

आता लाजेकडे येतो. महाराष्ट्रातला आकडा ऐका. २०१६-१७ च्या सरकारी तंबाखू पाहणीत राज्यातले ३.८ टक्के प्रौढ ओढणारे निघाले आणि २४.४ टक्के तोंडात धरणारे. म्हणजे आपल्याकडे खाणाऱ्यांपुढे ओढणारे किस झाड की पत्ती. तरी बदनाम कोण? ओढणारा, कारण धूर दिसतो, वास येतो. गालात बार धरलेला माणूस सत्यनारायणाला पहिल्या रांगेत बसतो. बायकांचं तर आणखी उलटं आहे. खेड्यापाड्यात मिश्री लावणाऱ्या आजीला कोणी काही म्हणत नव्हतं, ती दात घासत होती म्हणे. सोलापुरात हजारो बाया आयुष्यभर विड्या वळत आल्या, विडी कामगारांसाठी १९६६ साली वेगळा कायदा झाला होता, २००६ साली तिथे त्यांच्या दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. विड्या वळून घर चालवणारी बाई चालते. पण तीच विडी बाईने ओढली, तर? इथे शिकागोच्या उपनगरात आयटीतली एखादी मुलगी पार्किंगमध्ये सिगरेट ओढताना दिसली, की दुसऱ्या दिवशी ते नाशिकला तिच्या सासूला कळलेलं असतं.

इथल्या आपल्या लोकांत याला पैशाचाही रंग आहे. मोठ्या घराच्या डेकवर यजमानांनी सिगार पेटवली तर तो शौक. तिथेच जेवण पोचवायला आलेल्या पोराच्या जॅकेटला मार्लबोरोचा वास आला की वहिनी दार अर्धं लोटून घेतात. मी दोन्ही पाहिलंय, एकाच संध्याकाळी.

स्वस्तही नाही हे. शॉमबर्गचा बहुतेक भाग कुक काउंटीत येतो. इथे एका पाकिटावर केंद्राचा कर १ डॉलर १ सेंट, राज्याचा २ डॉलर ९८ सेंट, काउंटीचा ३ डॉलर. म्हणजे तंबाखूचा एक कणही मोजायच्या आधी ७ डॉलरला एक सेंट कमी. शिकागो शहरात वर आणखी १ डॉलर १८ सेंट. तासाच्या मजुरीवर जगणाऱ्याची एका पाकिटात किती मिनिटं गेली, तो हिशेब तुम्हीच करा.

खोली शोधताना "व्हेज, नॉन-स्मोकर" ही अट तुम्ही सगळ्यांनी वाचलीय. बेकायदा नाही ती. सिगरेट ओढणाऱ्याला घर नाकारणं हा कायद्याने भेदभाव धरत नाहीत. चार जण एका खोलीत राहतात तेव्हा धुराला नाही म्हणणाऱ्याचंही बरोबर आहे. माझं म्हणणं एवढंच, की सगळीकडे असं लपवायची सवय लागली की माणूस जिथे लपवू नये तिथेही लपवतो. जिथे बोलायला हवं तिथेही गप्प बसतो. नुकसान तिथे होतं.

ब्रेकचंच घ्या. बरेच जण समजतात, सिगरेटला गेलो म्हणजे मालकाचा वेळ चोरला, त्यामुळे तेवढे पैसे कापले तर बरोबरच आहे. असं नाही. केंद्राचा कायदा मालकाला छोटे ब्रेक द्यायला लावत नाही, हे खरं. पण मालकाने दिला, तर पाच ते साधारण वीस मिनिटांपर्यंतचा ब्रेक कामाच्या तासांत धरावा लागतो. त्या वेळात तुम्ही सिगरेट ओढली, चहा घेतला की घरी फोन केला, याने फरक पडत नाही. पेनसिल्व्हेनियातल्या एका कंपनीने नव्वद सेकंदांपेक्षा जास्त वेळ कॉम्प्युटरवरून लॉग-ऑफ राहिलात तर पगार नाही, असा नियम केला होता. २०१७ साली तिथल्या फेडरल अपील कोर्टाने तो मोडीत काढला. पे-स्टबवर 'स्मोक ब्रेक' म्हणून रोज पंधरा मिनिटं वजा होत असतील, तर तो कागद जपून ठेवा.

जेवणाची सुट्टी वेगळी. इलिनॉयमध्ये साडेसात तासांच्या पाळीला निदान वीस मिनिटांची जेवणाची सुट्टी द्यावीच लागते, आणि ती काम सुरू झाल्यापासून पाच तासांच्या आत. १ जानेवारी २०२३ पासून बारा तासांच्या पाळीला आणखी वीस मिनिटं. बाथरूमला जाणं यात मोजायचं नाही. युनियनचा करार असेल तर करारात काय आहे ते बघा.

आता न ओढणाऱ्यांचं गाऱ्हाणं. कोल्हापूरकडचा एक भाऊ गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. सुपारीसुद्धा खात नाही. तो मला म्हणाला, "दादा, ते दिवसातनं चार वेळा बाहेर जातात, मी जागचा हललो की लगेच 'कुठे चाललास?' मग मीपण सुरू करू का?" हे त्याने हसत विचारलं, पण माझ्या ओळखीत दोघांनी खरोखर अशीच सुरुवात केलीय. बाहेर जायला कारण म्हणून. याला मी ओढणाऱ्यांचे लाड म्हणणार नाही, मालकाची सोय म्हणेन. ब्रेक ओढणाऱ्याला मेहेरबानी म्हणून द्यायचा, न ओढणाऱ्याला द्यायचाच नाही, आणि दोघांना एकमेकांकडे बघत बसू द्यायचं. ज्या साइटवर दहा वाजता सगळ्यांचा ब्रेक असतो, तिथे हे भांडण मी पाहिलेलं नाही. तेव्हा मागायचं तर सगळ्यांनी मिळून सगळ्यांसाठी मागा. आणि ओढत नसाल तरी चहाचा कप घेऊन त्या घोळक्यात जरा वाऱ्याच्या अलीकडच्या बाजूला उभे राहा. साइटची बातमी तिथे आहे.

त्या घोळक्यात पगाराबद्दल, तासांबद्दल, धोक्याबद्दल बोलणं याला कायद्याचं संरक्षण आहे. १९३५ चा केंद्राचा कामगार संबंध कायदा आहे, युनियन नसली तरी लागू. कागदपत्रं धड नाहीत म्हणून गप्प बसणाऱ्यांसाठी शिकागोचीच गोष्ट सांगतो. इथे चामडं कमावणारी 'शुअर-टॅन' नावाची छोटी कंपनी होती. कामगारांनी युनियनच्या बाजूने मत दिल्यावर मालकाने इमिग्रेशनला पत्र लिहिलं. पाच मेक्सिकन कामगारांना देश सोडावा लागला. १९८४ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं, कागदपत्रं नसली तरी या कायद्यापुढे ते कामगारच, आणि युनियनचा राग म्हणून असं कळवणं बेकायदा. भरपाईच्या बाबतीत मात्र कोर्टाने हात आखडता घेतला. एक गोष्ट लक्षात ठेवा: माझ्यासारख्या सुपरवायझरला या कायद्यात संरक्षण नाही, मी व्यवस्थापनाच्या बाजूला धरला जातो. म्हणून मी घोळक्यात आलो आणि तुम्ही विषय बदललात तर मला राग येत नाही. युनियनची चर्चा चालू असेल तर मी स्वतःच दुसरीकडे जातो. ते ऐकत उभं राहणं माझं काम नाही.

साइटवर माझा एक नियम मात्र कडक आहे. थिनर, गॅसच्या टाक्या, फोम, असलं काही जवळ असेल तिथे कोणी काडी ओढली तर मैत्री बाजूला. ओशाचा नियम आहे, पाटीही लावलेली असते.

नोकरीचं सांगतो. २००५ साली मिशिगनमध्ये वेयको नावाच्या कंपनीने ठरवलं, कामगाराने घरीसुद्धा ओढायचं नाही. तपासणीला नकार देणाऱ्या चौघांची नोकरी गेली. इलिनॉयमध्ये असं करता येत नाही. इथे कामाच्या वेळेबाहेर, कामाच्या जागेबाहेर तुम्ही कायदेशीर वस्तू वापरता, एवढ्यावरून नोकरी नाकारता येत नाही की काढता येत नाही. तंबाखूविरोधी काम करणाऱ्या काही संस्थांना सूट आहे. विम्याचा हप्ता वेगळा लावायलाही मुभा आहे.

त्या विम्याच्या फॉर्मवर आपले लोक हमखास अडकतात. फॉर्मवर विचारतात, तंबाखू वापरता का. आपला माणूस म्हणतो, मी कुठे ओढतो, मी तर फक्त खातो, आणि 'नाही'वर खूण करतो. प्रश्न तंबाखूचा असतो. गुटखा, मावा, गायछाप, सगळं त्यात आलं. बाजारातून स्वतः विमा घेतलात तर गेल्या सहा महिन्यांत सरासरी आठवड्याला चार किंवा जास्त वेळा वापर असेल तर तुम्ही तंबाखूवाले, आणि हप्ता दीडपटीपर्यंत जाऊ शकतो. कंपनीच्या विम्यातही जादा आकार लावतात. पण तिथे कंपनीला पर्याय द्यावा लागतो, बहुधा सोडण्याचा एखादा वर्ग. तो वर्ग पूर्ण केलात की तुमची सिगरेट सुटली नसली तरी सवलत पूर्ण मिळाली पाहिजे. हे एचआर आपणहून सांगेल असं समजू नका. विचारा.

आयुर्विम्यात खोटं लिहिणं तर घरच्यांच्या गळ्याशी येतं. पॉलिसीच्या पहिल्या दोन वर्षांत माणूस गेला तर कंपनी अर्ज उकरून काढू शकते, आणि दावा अडू शकतो. माणूस लाजेपोटी 'नाही' लिहितो आणि बायको कागद घेऊन वणवण फिरते.

आजारपणातही तेच. काँक्रीट कापताना, घासताना सिलिकाची धूळ उडते. जुन्या इमारतीत ॲस्बेस्टॉस असतो. ॲस्बेस्टॉस आणि सिगरेट एकत्र आले की फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका नुसता वाढत नाही, कित्येक पटींनी चढतो. आणि माणूस आजारी पडला की समोरचे वकील म्हणतात, याची सिगरेटच याला भोवली. आपला माणूस खाली बघतो. खाली बघू नका. इलिनॉयच्या सुप्रीम कोर्टाने २००३ साली सिस्ब्रो खटल्यात सांगितलंय, काम हे आजाराचं एकमेव किंवा मुख्य कारण असायची गरज नाही, कारणांपैकी एक असलं तरी भरपाईचा दावा उभा राहतो. म्हणून डॉक्टरला दोन्ही सांगा: किती वर्षं ओढता, आणि किती वर्षं धुळीत काम केलंत, कुठल्या साइटवर, मास्क दिला होता का.

आणखी एक, विशेषतः व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असलेल्यांसाठी. घोळक्यात फिरते ती प्रत्येक वेळी सिगरेटच असते असं नाही. १ जानेवारी २०२० पासून इलिनॉयमध्ये गांजा कायदेशीर आहे, दुकानात पावती मिळते. पण केंद्राच्या कायद्यात तो अजून गुन्हा आहे, आणि इमिग्रेशन केंद्राच्या हातात आहे. नागरिक नसलेल्या माणसाने गांजा ओढल्याचं किंवा जवळ बाळगल्याचं नुसतं कबूल केलं तरी ग्रीन कार्ड, नागरिकत्व किंवा परत येताना प्रवेश अडचणीत येऊ शकतो, गुन्हा शाबीत न होता. "एक झुरका घे रे" म्हणणारा अमेरिकन पासपोर्टवाला आहे, तुम्ही नाही. हसून नको म्हणा. फोनमध्ये तसले फोटोही ठेवू नका.

ज्यांना सोडायचीय त्यांच्यासाठी: १-८००-७८४-८६६९ वर फोन केला की इलिनॉयची मोफत सेवा मिळते. आशियाई लोकांसाठी म्हणून इथे एक खास फोन सेवा आहे, पण ती चिनी, कोरियन आणि व्हिएतनामी भाषांत. हिंदी नाही, मराठी नाही. त्यामुळे आपल्या माणसाने नेहमीच्या नंबरवरच फोन करून आधी दुभाष्या मागायचा, "मराठी" किंवा "हिंदी" एवढं म्हटलं तरी चालेल. गावी भाऊ-वडील असतील तर भारतातला मोफत नंबर १८००-११-२३५६.

पुढच्या बैठकीला गेल्या दोन महिन्यांचे पे-स्टब घेऊन या. तोवर खिशातल्या डायरीत रोज तीन वेळा टिपा: कामाला कधी लागलात, ब्रेक कधी आणि किती मिनिटं, सुटलात कधी. मराठीत लिहिलं तरी चालतं. तारीख घाला, आणि त्याच दिवशी लिहा.